डोकं दिसलं की पुन्हा खणा

हिंदू माणूस मेल्यावरसुद्धा जमिनीत जात नाही. आमचे साहेब जिवंतपणी दिवसातून चौदा वेळा जायचे. तेही बूट काढून, मोजे घडी करून बुटात ठेवून, खिशातला पेन माझ्या हातात देऊन. दोन्ही हात खड्ड्याच्या काठांवर टेकवून असे अलगद उतरायचे, की पाहणाऱ्याला वाटावं, माणूस घरचीच शिडी उतरून राहिला. तळाशी पोचले की टाचा जुळवायच्या, हनुवटी वर, छाती पुढं, पंधरा ऑगस्टच्या परेडला उभे राहिल्यासारखे. आणि मग खालून आवाज यायचा,

“दिसून राहिलो काय बे?”

मी काठावर उकिडवा बसून, एक डोळा मिटून, दुसरा जमिनीच्या पातळीला लावून पाहायचो. टक्कल चमकलं की सांगायचो, “दिसून राहिले, साहेब.” म्हणजे खड्डा नापास. डोकं दिसलं की पुन्हा खणा. नाही दिसलं तर मी वहीत बरोबरची खूण करायचो आणि साहेब दोन मजुरांचे हात धरून वर यायचे, नुकतेच जन्मल्यासारखे, अंगभर लाल माती.

ते रायपूरच्या नव्या राजधानीचे पहिले दिवस. आमचं ऑफिस जुन्या शहरातून उचलून तिकडं नेलं होतं. तिथले रस्ते एवढे रुंद, की पलीकडच्या इमारतीत सही घ्यायला जायचं तर जेवणाचा डबा सोबत न्यावा लागे. इमारती होत्या, माणसं यायची होती. चहाची टपरी तर एवढी लांब, की तिथून परत येईस्तोवर पुन्हा चहाची तलफ यायची. जुन्या शहरातल्या तेलीबांध्याहून सकाळची बस भरून जाई आणि त्या मोकळ्या रानात आम्हाला सांडून परत येई. अशा ठिकाणी बसून आम्ही अख्ख्या राज्याला जोडायला निघालो होतो. सरकारनं ठरवलं होतं, की छोट्या छोट्या कसब्यांपर्यंत वेगवान इंटरनेट न्यायचं. राज्याचा निधी निघाला, ठेके निघाले, आणि जमिनीत केबल पुरायला सुरुवात झाली. खोदकाम तपासून ‘काम बरोबर आहे’ अशी सही करायचं काम साहेबांचं. त्यांची फाइल काखेत मारून जीपच्या मागं बसायचं काम माझं.

नियम होता की केबलची नाली एकशे पासष्ट सेंटीमीटर खोल पाहिजे. आणि साहेबांच्या सर्व्हिस बुकात पहिल्याच पानावर, नोकरीला लागताना सरकारी डॉक्टरांनी लिहिलं होतं, उंची एकशे पासष्ट सेंटीमीटर.

“योगायोग नाही हा,” साहेब म्हणत. “ज्यानं नियम लिवला त्यानं मले कुठंतरी पायलं असन.”

टेप नव्हता असं नाही. चांगला पिवळा, सरकारी शिक्क्याचा टेप होता. पण सुरुवातीच्या काळात एका ठेकेदारानं मोठ्या अदबीनं आपला टेप पुढं केला होता. साहेबांनी तो हातात घेऊन पाहिला तर टेप अकरापासून सुरू होत होता. पहिले दहा सेंटीमीटर कोणीतरी कात्रीनं कापून, टोकाची कडी पुन्हा बसवून दिली होती. दुसऱ्यानं मोजमापाचे फोटो पाठवले. सात गावांचे सात फोटो, आणि सातही खड्ड्यांत तोच एक बेडूक. त्या दिवसापासून साहेबांनी टेप माझ्याकडं देऊन टाकला.

“टेप दुकानात मिळते,” ते म्हणाले. “माझी उंची मिळत नाही.”

आता मैलोन् मैल नाली, माणूस उतरणार कुठं कुठं? त्याचीही रीत होती. जीप नालीच्या कडेनं चालायची, आणि साहेबांना शिंक आली की तिथं थांबायची. शिंकेवर कोणाचा ताबा? ठेकेदारांनी सगळे उपाय करून पाहिले. एकानं जीपच्या पुढं पाण्याचा टँकर चालवला, धूळ उडू नये म्हणून. एकानं ड्रायव्हरला काचा बंद ठेवायची विनंती केली. मी तर असं ऐकलं, की उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीतला एक ठेकेदार शिंक थांबावी म्हणून नवस बोलला होता. तो फळला नाही. त्याच दिवशी साहेब नऊ वेळा शिंकले.

मला खरं कुतूहल वेगळंच होतं. डोकं दिसतं की नाही, हे पाहायला अर्धं मिनिट पुरे. हे खाली दहा-दहा मिनिटं करतात काय? एकदा मीही उतरलो. पाहतो तर साहेब नालीच्या भिंतीला नाक लावून उभे. मला म्हणाले, “हे पाय. वर मुरुम. मंग पिवळी मटासी. त्याच्या खाली काळी कन्हार. कोणं एका काळी इथं तळं असन बे.” माती चिमटीत घेऊन जिभेला लावली. “हाव. तळंच.” मी विचारलं, “साहेब, या केबलमधून जाते तरी काय?” ते एकदम खुलले. कोणी पहिल्यांदाच त्यांना कामाचं विचारलं होतं.

“उजेड जाते, बाबू! काचेचा केस असते आतमंदी, तुह्या केसाएवढा बारीक. त्याच्यातून उजेड पळते. कोणाची परीक्षा, कोणाचं लग्न, कोणाची शेती, सारं उजेडात लपेटून. आणि त्या उजेडाले आपण अंधारात गाडून राहिलो. गंमत आहे का नाही?”

असं बोलणाऱ्या माणसाकडं स्वतःचा फोन बटणांचा होता, आणि त्यातलंही हिरवं बटण बसलेलं. चौबे कॉलोनीतल्या घरी मुलं इंटरनेट घ्या म्हणून मागं लागली, तर म्हणाले, “पयले कसब्याले जाऊ दे. आपण शहरातले, आपल्याले कोणीही देते.” घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. मुलं त्यांना उत्तर देत हिंदीतून, ते मुलांवर ओरडत मराठीतून, आणि शेजारच्यांना दोन्ही समजत असे.

तर आता त्या कसब्याची गोष्ट.

महानदीच्या पलीकडचा कसबा. बाजार, कॉलेज, तहसील, सगळं होतं, नेट नव्हतं. तिथं एक दीदी चॉइस सेंटर चालवायची, म्हणजे कॉम्प्युटरवर लोकांचे सरकारी फॉर्म भरून द्यायची. फॉर्म भरायची खाली दुकानात, आणि पाठवायला चढायची पाण्याच्या टाकीवर. कारण सिग्नल फक्त तिथं होता, तोही पश्चिमेच्या कोपऱ्यात. लॅपटॉप पिशवीत, पिशवी गळ्यात, आणि गोल गोल लोखंडी पायऱ्या. कसब्यातल्या अर्ध्या पोट्टे-पोट्ट्यांच्या शिष्यवृत्त्या त्या बाईच्या गुडघ्यांवरून रायपूरला गेल्या होत्या. एकदा वर असताना वारा सुटला, तर म्हणे बाई टाकीला मिठी मारून दोन तास बसली. पण फॉर्म गेला.

गावाबाहेरचे शेवटचे दोन किलोमीटर राहिले होते आणि मार्च संपायला सहा दिवस. साहेबांची सही त्याआधी पोचली नाही, तर त्या कसब्याचा निधी परत जाणार आणि कसबा पुढच्या टप्प्यात ढकलला जाणार. पुढचा टप्पा म्हणजे काय, ते आमच्या ऑफिसातल्या शिपायालाही ठाऊक होतं. पुढच्या टप्प्यात गेलेलं गाव कोणी परत पाहिलं नव्हतं.

ठेकेदार आमच्याच मराठी समाजातला, आजोबा नागपूरहून आलेले, स्वतःचं गोदाम उरल्याला. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि मध्ये मध्ये पान. आतापर्यंत त्यानं मजूर लावून खणलं होतं. शेवटी घाई झाली म्हणून मशीन आणलं. साहेब त्या नालीशी पोचले आणि लागोपाठ तीनदा शिंकले. उतरले. मी डोळा लावला. डोकं सोडा, साहेब कानापर्यंत दिसत होते.

“दिसून राहिलो काय?”

“साहेब, चष्म्यासकट.”

ठेकेदार हात जोडून पुढं आला. “साहेब, आप भी ना! सहा दिवस राहिले. सही मारा, माती टाकतो, लाइन चालू. जमिनीच्या आतमंदी कोणाले दिसते?”

“दिसत नाही म्हणून तर मी आहो,” साहेब खालूनच म्हणाले.

तोवर दीदी आलीच. तिला बातमी टाकीवरच्या सिग्नलपेक्षा लवकर लागायची. कमरेवर हात. “साहब, पैसा लौट गया तो मैं फिर टंकी चढ़ूँ? मेरे घुटने का सर्टिफिकेट कौन देगा?”

साहेब वर आले. पायाची माती झटकत म्हणाले, “दीदी, इकडच्याच एका गावात हातभर खोल केबल टाकली होती. दुसऱ्या साहेबानं पास केली. फीत कापली, नारळ फुटला, मंत्री गेले. अकराव्या दिवशी एका म्हाताऱ्यानं वालाच्या वेलाले बांबू रोवला, अन् अख्ख्या गावाचं नेट बंद. अजून बंदच आहे. वाल मस्त आला म्हणे. जे दिसते ते उद्घाटन, दीदी. जे दिसत नाही ते काम.”

दीदीनं कमरेवरचे हात काढले. पटलं म्हणून नव्हे. बाई हिशेबी होती. वाल आणि टाकी यांत कोणतं वाईट, ते तोलत होती.

ऊन फार होतं, म्हणून ठेकेदारानं सगळ्यांना तिच्या सेंटरशेजारच्या अंगणवाडीत नेलं. पाणी दिलं. फारच आदर दाखवून म्हणाला, “साहेब, साइटचा एक फोटो लागते. जरा भिंतीले टेकून उभे राहा न.” साहेब अनवाणीच टेकून उभे राहिले. खटक. मग त्यानं मोबाईल असा हळूच फिरवला, जसा कोणी पत्त्यांतला हुकुमाचा एक्का फिरवतो.

भिंतीवर गरोदर बायांची उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती. साहेबांच्या टकलाला लागून आकडा होता एकशे बासष्ट.

“तुमची पँट दोन सालापासून जमिनीवर लोळून राहिली, साहेब,” ठेकेदार गोड आवाजात म्हणाला. “मले डाउट होताच. तीन सेंटीमीटर कम! मंजे या दोन सालात तुम्ही जेवढे खड्डे पास केले, सबके सब उथळ. आता तुम्ही माह्या खड्ड्याले काय नापास करता? सही करून टाका. मी फोटो डिलीट मारतो.”

मला वाटलं, आता साहेब फुटतील. त्यांचा आवाज फुटला की महानदीला लाट येते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पण ते वळले आणि पट्टीकडं असे बघत राहिले, जसे मातीच्या थराकडं बघायचे.

“पुन्हा मोज, बाबू.”

डोक्यावर वही आडवी धरून मी तीनदा मोजलं. एकशे बासष्ट, एकशे बासष्ट, एकशे बासष्ट.

“कमाल आहे,” साहेब म्हणाले. “माणूस नेमका कुठून कमी होते बे? मानेतून का कमरेतून?”

मी त्यांना बाजूला ओढलं. “साहेब, ऐका. तुमच्या बुटाची टाच बरोबर तीन सेंटीमीटर आहे. लिहून टाकू, की निरीक्षक बूट घालून उतरत होते. सारं जमते.”

“हाव. अन् हजार मजुरांनी माहे तळपाय पायले, त्याचं काय?”

“मजुरांना कोण विचारते, साहेब?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नालीत अनोळखी रंगाची माती लागावी, तसं पाहिलं. मी आजही त्या नजरेपुढं जमिनीत जातो, आणि मला काही एकशे पासष्ट सेंटीमीटर पुरत नाहीत.

त्यांनी पेन मागितला. अंगणवाडीतल्या छोट्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले आणि एका कागदावर लिहिलं: ‘माझी उंची कमी झाली आहे. केव्हापासून, ते माहीत नाही. मी पास केलेल्या सर्व जागा पुन्हा तपासाव्यात.’ खाली सही. कागद ठेकेदाराच्या हातात दिला.

“घे. याचा पण फोटो काढ, अन् दोन्ही वर पाठव. मी पण पाठवतो. आता मशीन हटव अन् मजूर बोलाव.”

लाच नाकारणारे साहेब ठेकेदारानं पाहिले असतील, लाच वाढवून मागणारे तर पाहिलेच होते. पण त्याचीच बंदूक घेऊन स्वतःवर झाडणारा माणूस त्यानं पहिल्यांदा पाहिला. त्याच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. अर्ध्या तासानं भानावर येऊन त्यानं मजूर पुरवणाऱ्या बाईला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साठ-सत्तर रेजा-कुली, म्हणजे बाया आणि माणसं, घमेली-कुदळी घेऊन हजर. साहेबही हजर. पण मोजणार कसं? तीन सेंटीमीटर आणायचे कुठून? त्यांनी माझ्या काखेतली फाइल घेतली. कागद दाबून अंगणवाडीतल्या पट्टीला लावले, तर बरोबर तीन सेंटीमीटर जाड. ती डोक्यावर आडवी ठेवून नालीत उतरले. सरकारी फाइलीचा एवढा थेट तांत्रिक उपयोग मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

“आता फाइल दिसून राहिली काय?”

“दिसून राहिली, साहेब.”

“मंग खणा!”

पाच दिवस तो माणूस डोक्यावर फाइल घेऊन जमिनीत जात होता. दीदी रोज दुपारी यायची, नाली पाहायची, कॅलेंडर पाहायची, आणि चहा ठेवून जायची. चहात साखर रोज थोडी थोडी वाढत गेली, त्यावरून आम्ही काम कुठवर आलं ते ओळखायचो. सहाव्या दिवशी फाइल दिसायची बंद झाली. साहेबांनी सही केली. मी जीप अशी पळवायला लावली, की रस्त्यातल्या म्हशींनी वळून पाहिलं असेल, पण तोवर आम्ही नव्या राजधानीत होतो. शिक्का बसला. निधी परत जायचा थांबला. महिन्याभरानं कसब्यात नेट आलं, आणि दीदी टाकीवर चढायची थांबली.

आणि ती चिठ्ठी? मार्चमध्ये वर कोणी काही वाचत नाही; मार्चमध्ये फक्त सह्या होतात. ती वाचली गेली जूनमध्ये. वाचल्याबरोबर हलकल्लोळ. अधिकारी स्वतःविरुद्ध लिहितो म्हणजे याच्या मागं किती मोठा घोटाळा असेल! तीन माणसांची चौकशी समिती बसली, आणि पहिला नंबर त्याच कसब्याचा लागला, साहेबांनी फाइलीशिवाय पास केलेल्या जुन्या नालीचा.

मशीन आलं. साहेबांना आरोपी म्हणून बोलावलं, मला कागद धरायला. खणलं. केबल लागली. सरकारी टेपनं मोजलं. एकशे एकोणसत्तर.

समितीचे चेहरे पडले. “ऐसा कैसे?” प्रमुखांनी विचारलं. बघ्यांमध्ये एक म्हातारी रेजा उभी होती, त्या नालीवर काम केलेली. पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, “साहब के मूड़ी दिखतिस त फेर खने ला परतिस.” साहेबांचं डोकं दिसलं की पुन्हा खणावं लागायचं, म्हणून त्या लोकांनी सगळीकडं आधीच चार बोटं जास्त खणून ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. ठेकेदारालाही माहीत नव्हतं. साहेब तिच्याकडं बघत राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं, आणि मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नाही.

पण समिती रिकाम्या हातानं जाते होय? प्रमुख म्हणाले, जरा अजून साफ करा, नीट दिसू द्या. मशीनवाल्यानं एक घास जास्त घेतला. कट्‌! काचेचा केस तुटला.

क्षणभरात सेंटरमधून दीदी बाहेर. हातात अर्धवट भरलेला फॉर्म. “किसने काटा? आज आखरी तारीख है! बीस लड़कियों का फॉर्म अंदर अटका है!”

प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. “गहराई नाप ली ना? भर दो गड्ढा. बाकी रायपूर जाकर देखेंगे.”

मशीनचा पंजा मातीकडं वळला. साहेबांनी बूट काढले. कोणाला काही कळायच्या आत ते खड्ड्यात उतरले आणि टाचा जुळवून उभे राहिले. वरून त्यांचं टक्कलसुद्धा दिसत नव्हतं. फक्त आवाज आला.

“आता बुजवा.”

समितीनं समजावलं, दरडावलं, साहेबांचे उरलेले नोकरीचे महिने मोजून दाखवले. खालून एकच उत्तर, “केबलले जोड मारणारा आला की मी येतो.” शेवटी प्रमुखांनीच फोन फिरवले. जोड मारणारा रायपूरहून चार तासांत पोचला. तोवर साहेब खालीच. दीदीनं दोरीला बांधून चहा सोडला. जोड बसली, नेट आलं, आणि तारीख उलटायच्या आत वीसही फॉर्म गेले.

समितीचा अहवाल मी स्वतः टाइप केला, म्हणून शब्दन् शब्द पाठ आहे. ‘खोली नियमापेक्षा जास्त आढळली. केबल तुटलेली आढळली. संबंधित अधिकारी खड्ड्यात आढळले.’ मागोमाग साहेबांना खुलासा मागितला गेला: शासकीय चौकशी सुरू असताना आपण चार तास खड्ड्यात का होता?

साहेबांनी कागदाच्या मधोमध एक ओळ लिहून पाठवली. ‘केबल वर असती, तर मी वर थांबलो असतो.’